मध्यावरचं घर

परवा रात्री पुतणीचा फोन आला. एरवी ती रविवारी करते. हा बुधवारी आला, तेव्हाच ओळखलं की काहीतरी विशेष आहे. म्हणाली, "काकू, आम्ही लोणावळ्याला घर घ्यायचं म्हणतोय. तुझं काय मत?"

घरच्या मंडळींना ठाऊक आहेच, इतरांसाठी सांगते. पुतणी पुण्याला, हिंजवडीत नोकरी करते. जावई मुंबईत, फोर्टातल्या एका बँकेत. मुलगी साडेपाच वर्षांची. मायलेकी पिंपळे सौदागरला भाड्याच्या घरात, आणि जावई सोमवार ते शुक्रवार मुंबईत, एका खोलीत आणखी दोघांबरोबर. आता त्याच्या बँकेने आठवड्यातले दोन दिवस घरून काम करायची मुभा दिली आहे. म्हणून हा नवा बेत. दोघांच्या मध्ये घर घ्यायचं, दोघांनी रोज थोडा थोडा प्रवास करायचा, आणि तिघांनी एका छपराखाली झोपायचं. येत्या जूनला लेक पहिलीत जाणार, त्याआधी ठरायला हवं.

ऐकायला किती छान! कुणी कुणासाठी नोकरी सोडायला नको, कुणी कुणावर उपकार करायला नकोत. मी फोनवर एवढंच म्हटलं, "मला दोन दिवस दे." आणि कागद-पेन्सिल घेऊन बसले. जन्मभर मराठी शिकवलं, गणिताशी माझी तोंडओळखच. पण एवढी बेरीज जमते.

मुंबई ते पुणे रेल्वेने १९२ किलोमीटर. त्यात लोणावळा मुंबईपासून १२८ आणि पुण्यापासून ६४. म्हणजे ज्याला ही मुलं मध्य म्हणतात, तो मध्य नाहीच! किलोमीटरने मध्य काढायचा तर तो कर्जतजवळ येतो, आणि तिथून हिला पुण्याला जायचं तर रोज घाट चढायचा. आणखी एक गंमत बघा. मुंबईची लोकल कर्जत-खोपोलीला संपते, पुण्याची लोकल लोणावळ्याला. मधल्या घाटात लोकल नाही. म्हणजे जावयाला रोज एक्स्प्रेसचा पास काढायचा, गाडी पाच मिनिटांनी चुकली तर पुढचीची वाट बघायची. पावसाळ्यात दरड कोसळली की तेही नाही. २०१९च्या पावसाळ्यात घाटात रुळांचं नुकसान होऊन मुंबई-पुण्याच्या गाड्या कित्येक दिवस रद्द होत्या, आठवतंय ना? तुम्ही म्हणाल, एक्स्प्रेस वे आहे की. आहे, पण लोणावळ्याहून रोज गाडी चालवत फोर्टात जायचं आणि रात्री परत यायचं, हे मी तरी माझ्या जावयाला सांगणार नाही.

पण वेळापत्रक हा माझा खरा मुद्दा नव्हे. पुण्याहून रोज मुंबईला नोकरीला जाणारे मी पाहिलेत. डेक्कन क्वीन १९३० सालापासून धावते आहे, आणि तिच्या पासधारकांनी डब्यात वाढदिवस केले, भिशी चालवली, तीस-तीस वर्षांची मैत्री जोडली. प्रवास माणसाला मारत नाही. पण त्या मंडळींचं घर पुण्यात होतं. घरी कुणीतरी होतं. सकाळी गेलेला माणूस रात्री परत आला की घर आपलं चालू असायचं.

लोणावळ्याच्या घरात दुपारी चार वाजता कोण असेल? शाळा सुटलेली, आई दीड-दोन तासांवर, बाबा तीन तासांवर. पोरीला ताप भरला, पडून कोपर सुजलं, तर हाकेच्या अंतरावर कोण? दोघं घरून काम करतील त्या दिवशी ठीक. पण पोरं पडायचा वार बघून पडत नाहीत. नवरा-बायकोत न्याय झाला खरा, पण तो तिसऱ्या माणसाच्या खर्चाने झाला, आणि त्या तिसऱ्या माणसाला कुणी विचारलंच नाही.

जिल्हा परिषदेच्या शिक्षकांसाठी २०१७ साली जे बदली धोरण आलं, त्यात 'पती-पत्नी एकत्रीकरण' असा एक भाग होता. नवरा-बायकोच्या नोकरीच्या गावांत ३० किलोमीटरहून जास्त अंतर असेल तर त्यांना बदलीत प्राधान्य. त्याच्या अंमलबजावणीवर शिक्षकमंडळी तासन् तास भांडू शकतात, ते असो. पण ते ३० किलोमीटरचं माप मला आवडलं. दोघांनी नाही तर निदान एकाने तरी लेकरापासून त्या मापात असावं.

आता स्वतःचं सांगते, कारण हा उपदेश मी कोरड्या अंगाने करत नाही.

मी चिपळूणला शाळेत होते आणि आमचे हे मुंबईत हिशेबनीस. १९७४ साली लग्न झालं तेव्हा ठरलं की दोनेक वर्षांत काहीतरी करू. माझी शाळा खाजगी अनुदानित. तिथे दुसऱ्या गावी बदली नव्हती. गाव सोडायचं तर राजीनामा द्यायचा, आणि सेवाज्येष्ठतेत पुन्हा शेवटून पहिलं व्हायचं. यांचा पगार माझ्याहून जास्त, मग ते तरी कशाला सोडतील? कोकणात यात नवल काहीच नव्हतं. नवरा मुंबईला खानावळीत आणि बायको गावी, असं पिढ्यान् पिढ्या चाललं होतं. गणपतीला, शिमग्याला, मे महिन्यात माणूस यायचा. तेव्हा कोकण रेल्वेही नव्हती, रात्रभर एस.टी.चा प्रवास.

त्या दोन वर्षांची तेरा झाली. भांडण नाही, तंटा नाही. नुसतं कुणी पुन्हा विषय काढला नाही, एवढंच. मला एकटीने सगळं करायची सवय झाली. कौलं चाळून घेण्यापासून बँकेपर्यंत. खरं सांगायचं तर त्याचा थोडा तोराही होता मला! १९८७ साली यांनी मुंबईची नोकरी सोडली आणि कमी पगारावर चिपळूणला आले. मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा. पहिल्या संध्याकाळी मी चहा केला. मुलगा उठला, फळीवरून पाहुण्यांचा कप काढला आणि यांच्यासमोर ठेवला. मग मला आत येऊन हळूच विचारलं, "बाबा किती दिवस आहेत?" यांनी ते ऐकलं. काही बोलले नाहीत, त्याच कपातून चहा प्यायले. तो कप बंद व्हायला पुढे वर्ष गेलं.

म्हणून पुतणीला माझं मत असं. घर मध्यावर नको. एकाच्या गावात घ्या, आणि नीट घ्या. कुणाच्या? ज्याचा पगार जास्त त्याच्या, असं आपोआप धरू नका, आणि बायकोनेच जायचं असंही नको. दुपारी चारला शाळेत जाऊ शकेल असं माणूस कुठल्या गावात आहे ते बघा. आज ते पिंपळे सौदागरला आहे. खालच्या मजल्यावरची जोशीण नसेना का, जिला पोर आजी म्हणते तिच्यासारखं शेजारपण लोणावळ्याला जमवायला पाच वर्षं लागतील. जावयाने मंगळवारी पहाटे निघावं, दोन रात्री मुंबईत काढाव्यात, गुरुवारी रात्री घरी. रोजच्या सहा तासांपेक्षा हे बरं. आठवड्यातले पाच दिवस तरी बापाचा कप फळीवर जाणार नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचं, याला मुदत घाला. तीन वर्षं. तारीख वहीत लिहून ठेवा. त्या तारखेला दोघांनी बसून पुन्हा पहिल्यापासून ठरवा, आणि तेव्हा आधी मुंबईचा विचार करा. कारण तीन वर्षं त्याने सोसलेलं असेल. घर विकत घेण्याची घाई नको ती यासाठीच. भाड्याचं घर सोडता येतं. कर्ज काढून घेतलेल्या घराला आपणच चिकटतो. आमची चूक दूर राहण्यात नव्हती. ती परिस्थिती होती. 'सध्या' म्हणून सुरू केलं आणि 'सध्या' कधी संपणार ते विचारलं नाही, ही चूक.

माझं चुकतही असेल. लोणावळ्याची हवा चांगली, आणि फ्लॅट बघून आल्यावर माणसाला माझ्यासारख्या म्हातारीचं गणित पटत नाही, हेही मला कळतं. पण गणपतीला तुम्ही येणारच आहात. येताना एक कोरी वही आणा. तारीख आपण तिघं मिळून लिहू. कप कुठले काढायचे ते मी बघते.