नखाची बुरशी : गोळीही हवी, लावायचे औषधही हवे

वर्षावास सुरू झाला की संध्याकाळी विहाराच्या पायरीशी चपलांची रांग लागते. त्यात एखादी ताई चप्पल काढायला संकोचते आणि आत बसल्यावर लुगड्याखाली पाय झाकून घेते. अंगठ्याचे नख पिवळे, जाड, ठिसूळ झालेले असते. विचारले तर म्हणते, "कीड लागलीय, जाईल." ताई, ती बहुधा बुरशी असते आणि ती आपणहून जात नाही.

पाटण-जावळीच्या भातलावणीत चिखलात उभ्या राहणाऱ्या बाया, वाळव्याकडे रात्री उसाला पाणी पाजणारे गडी, गमबूट घालून गटारे उपसणारे आमचे सफाई कामगार बंधू, यांच्या बोटांच्या बेचक्यांत पावसाळ्यात चिखल्या होतात. तिथली बुरशी दुर्लक्षाने नखात शिरते. सांगली हळदीची पेठ, तेव्हा पहिला इलाज हळदीच्या लेपाचा. हळदीशी आमचे वैर नाही, पण जाड नखाखाली लेप पोहोचतच नाही. दुकानदाराने दिलेले मलम तर त्याहून वाईट. पुष्कळ मलमांत स्टिरॉइड असते; खाज थांबते आणि बुरशी फोफावते.

बुरशीचे ठाणे नखाखाली असते. टर्बिनाफिनची गोळी रक्तावाटे तिथे खालून पोहोचते. अमोरोल्फिनचे नेलपॉलिशसारखे औषध कानशीने घासलेल्या नखावर आठवड्यातून एक-दोनदा लावले की ते वरून झिरपते. नुसते लावायचे औषध जाड नखाला पुरत नाही, आणि नुसत्या गोळीनेही कित्येकांचे नख साफ होत नाही. दोन्ही मिळून गुण येण्याचे प्रमाण वाढते, असे अभ्यासांत दिसले आहे.

मोठ्या माणसांना गोळी साधारण १२ आठवडे, म्हणजे आषाढ पौर्णिमेला सुरू केली तर जवळजवळ आश्विन पौर्णिमेपर्यंत. घोडे अडते ते इथेच. महिनाभरात फरक दिसत नाही म्हणून माणसे गोळी सोडतात आणि घामाचे पैसे पाण्यात जातात. अंगठ्याचे नख महिन्याला एक-दीड मिलिमीटरच वाढते. मुळापासून नवे नख यायला वर्ष-दीड वर्ष लागते. लावायचे औषध डॉक्टर सांगतील तोवर चालू ठेवावे.

बिघडलेले प्रत्येक नख बुरशीचे नसते. म्हणून मिरजेच्या किंवा साताऱ्याच्या शासकीय रुग्णालयात आधी नखाचा चुरा तपासून घ्यावा. गोळीचा भार यकृतावर पडू शकतो, तेव्हा रक्ततपासणीही करावी. दारू घेणाऱ्या बंधूंनी ते डॉक्टरांपासून लपवू नये. (पंचशील आठवले तर उत्तमच.) गरोदर व अंगावर पाजणाऱ्या भगिनींनी तसे आधीच सांगावे. डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली तर गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठावा. मधुमेह असेल तर नख स्वतः कोरू नये. त्या पायाची साधी जखमही चिघळते.

नेलकटर त्या पायासाठी वेगळे ठेवा. आणि चिखल्यांवरही त्याच वेळी औषध घ्या, नाहीतर बुरशी पुन्हा नखात येते.