कॉमन रूमचा टीव्ही: नावाला भुलू नका!

मित्रांनो, कॉमन रूमसाठी ५५ इंची ओएलईडी घ्यायचा ठरला आणि होस्टेलमध्ये दोन पार्ट्या पडल्या, सोनीवाले आणि सॅमसंगवाले. फर्स्ट इयरची पोरं रात्रीचा वडापाव सोडून वर्गणी देतायत, म्हणून हा लेखनप्रपंच. (हा शब्द कॉन्व्हेंटवाल्याने नुकताच शिकलाय!) माझं मत तिसरंच: मागच्या वर्षीचं एलजीचं 'बी' सिरीजचं मॉडेल घ्यावं.

ओएलईडीत मागे लाईट नसतो. प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो, स्वतः विझतो. म्हणून काळा रंग खराखुरा काळा. (क्यूएलईडी वेगळा बरं का, तो बॅकलाईटवाला एलसीडीच.) गंमत म्हणजे सोनीच्या बऱ्याच ओएलईडींचे पॅनल एलजी डिस्प्लेकडूनच येतात. जादा पैसे प्रोसेसरचे आणि नावाचे. प्रोसेसर सरस आहे, मान्य. पण साठ टाळकी ओरडत मॅच बघताना तो फरक दिसणार कुणाला? सॅमसंगच्या क्यूडी-ओएलईडी पॅनलचे रंग भारी, पण उजेडात त्याचा काळा रंग करडा पडतो, आणि आपल्या ट्यूबलाईट कधी बंद असतात?

खरी भीती बर्न-इनची. स्कोअरची पट्टी, चॅनेलचा लोगो रोज तासन्‌तास एकाच जागी राहिला की तिथले पिक्सेल आधी झिजतात. यातून कुठलाच ब्रँड सुटलेला नाही. टीव्ही स्टँडबायवर असताना पॅनल ही झीज सारखी करून घेतो. तेव्हा रात्री ११ वाजता भिंतीवरचं बटणच बंद करायची वॉचमनकाकांची सवय आधी सोडवा. वर्गणी त्यापेक्षा लवकर जमेल!