कोड उरतो, कारण हरवतं

सॉफ्टवेअरचा प्रकल्प संपला की टीम पांगते. मागे उरतो तो कोड. पुढच्या कामात तो जसाच्या तसा उचलला जातो. तो तसा का लिहिला, हे सांगायला मात्र कुणी जागेवर नसतं.

४ जून १९९६ रोजी युरोपचं आरियान-५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत नष्ट झालं. त्याच्या दिशादर्शन यंत्रणेतलं सॉफ्टवेअर आरियान-४ वरून घेतलेलं, चांगलं मुरलेलं होतं. त्यात आडव्या वेगाशी निगडित एक आकडा १६ बिटांत बसवला जाई. म्हणजे कमाल ३२,७६७. जुन्या रॉकेटच्या मार्गावर तो त्यापुढे जाणं शक्य नव्हतं, म्हणून तिथे संरक्षण ठेवलं नव्हतं. नव्या रॉकेटचा आडवा वेग कितीतरी जास्त होता, त्यामुळे आकडा मर्यादेबाहेर गेला. चौकशी समितीला या निर्णयाचं कारण कोडमध्ये सापडलं नाही. कागदपत्रांच्या ढिगात ते दडून गेलं होतं. मला आकड्याच्या चुकीपेक्षा हेच जास्त अस्वस्थ करतं.

नासाच्या गोडार्ड केंद्रात १९७६ साली सुरू झालेल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग लॅबोरेटरीने वेगळी वाट धरली. व्हिक्टर बॅसिली आणि सहकारी चालू प्रकल्पांतल्या प्रोग्रामरांकडून बदलांचे आणि चुकांचे फॉर्म भरून घेत. त्या फॉर्मांचा अभ्यास करून पुढच्या प्रकल्पाची पद्धत सुधारणारा गट वेगळा असे. डिलिव्हरीच्या धावपळीत बुडालेल्या माणसावर हेही ओझं टाकणं अन्यायाचं आहे. या कामाला वेगळी माणसं हवीत, आणि बजेटमध्ये त्यांच्या नावाने वेगळी रक्कमही.