मताविना भक्त

जळगावहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहूर लागते. लेणी पाहण्यासाठी निघालेल्या परदेशी पाहुण्यांच्या गाड्या वर्षानुवर्षे या गावातून जात आल्या आहेत. अलीकडे उलटी वाटही रुळली आहे. खानदेशातील शिक्षकांची, कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्यांची मुले अमेरिकेत जातात, तेथे नोकरीला लागतात आणि दोन-चार वर्षांत तेथील धर्माच्या बाजारातही त्यांची पावले वळतात. या बाजारात ख्रिस्ती पंथांची दुकाने तर आहेतच. शिवाय ‘विक्का’ नावाचे एक दालन आहे. स्वतःला अभिमानाने ‘चेटकीण’ म्हणवून घेणाऱ्यांचा हा पंथ.

पंथ स्वतःला पुरातन म्हणवितो, पण त्याचे वय फार नाही. जेराल्ड गार्डनर नावाचा इंग्रज गृहस्थ मलायात जकात खात्यात नोकरी करून मायदेशी परतला. चेटूकविरोधी जुना कायदा ब्रिटनने १९५१ मध्ये रद्द केला आणि १९५४ मध्ये गार्डनरने आपले पुस्तक प्रसिद्ध करून या ‘जुन्या धर्मा’चा डंका पिटला. ऋतुचक्राचे आठ सण, चंद्राची आणि देवीची उपासना, दीक्षेपूर्वी एक वर्ष आणि एक दिवसाची उमेदवारी, दीक्षेच्या तीन पायऱ्या, असा त्याचा सर्वसाधारण आराखडा. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात या मंडळींनी आपल्या गटांचा संघ स्थापन केला, १९८६ मध्ये अमेरिकेतील एका अपील न्यायालयाने विक्का हा धर्म असल्याचे मान्य केले आणि २००७ पासून त्यांच्या मृत सैनिकांच्या स्मृतिशिळांवर पंचकोनी ताऱ्याचे चिन्ह कोरण्याची अनुमती सरकारने दिली.

न्यायालयात टिकायचे आणि करसवलत मिळवायची, तर घटना हवी, पदाधिकारी हवेत, सभासदांची नोंदवही हवी. त्यातूनच ‘मताधिकार नसलेला सहयोगी सदस्य’ हा प्रकार या पंथाच्या काही संस्थांत रुजला. अर्ज भरा, वर्गणी द्या, सणाला या, वर्तुळात उभे राहा. मात्र संस्थेचा निधी कसा खर्चावा, जागा घ्यावी की विकावी, प्रमुख कोणी व्हावे, या ठरावांच्या वेळी हात वर करू नका. तो अधिकार दीक्षितांचा किंवा पूर्ण सदस्यांचा.

घरच्या तुळशीपुढे दिवा लावणाऱ्या आजीला अंधश्रद्ध म्हणून हिणवायचे आणि सातासमुद्रापार पौर्णिमेच्या रात्री मेणबत्त्या लावून ‘निसर्गपूजक’ म्हणवून घ्यायचे, या ढोंगाचा समाचार घ्यावा तेवढा थोडाच. त्यातही ‘चेटकीण’ हे बिरुद मिरविणाऱ्याने एकदा सातपुड्यातील पाड्यांवर यावे. तेथे ‘डाकीण’ हे बिरुद कोणी अर्ज भरून घेत नाही. गावात मूल दगावले, गुरे मेली, की एखाद्या एकट्या विधवेवर तो शब्द फेकला जातो आणि मग तिला मारहाण, गावबंदी, प्रसंगी मृत्यू. महाराष्ट्राने २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला, त्याला या भागातील अनुभवाचीही पार्श्वभूमी होती. हा कलंक पुसणे हे हिंदू समाजाचे स्वतःचे काम आहे, आणि ते कायद्याच्या पुस्तकावर सोडून देता येणार नाही. असो.

विक्कावाल्यांची टिंगल करून थांबणे मात्र सोपे आणि म्हणूनच अपुरे आहे. ख्रिस्तीकरणाच्या लाटेत युरोपच्या देवता, देवराया, उत्सव नष्ट झाले. पूर्वजांचा धर्म हरवलेली ही माणसे चाचपडत काही उभारू पाहत आहेत. त्यात कल्पनेची भर अधिक आहे, हे त्यांच्यातील जाणतेही मान्य करतात. जगभरातील प्राचीन परंपरांच्या प्रतिनिधींची परिषद फेब्रुवारी २००३ मध्ये मुंबईत भरली, तेव्हा युरोपातील जुन्या धर्मांचे उपासकही आस्थेने तेथे आले होते. शिवाय एका बाबतीत विक्का संस्थांचा व्यवहार सरळ आहे. तुला मत नाही, हे त्या नवागताला सही करण्यापूर्वी सांगतात.

पहूरच्या, किंवा महाराष्ट्रातील कोणत्याही गावच्या, भाविकाला हे कोणी कधी सांगितले आहे काय?

ग्रामसभेत त्याला मत आहे. गटार कोठून न्यावे, पाण्याची टाकी कोठे बांधावी, यावर तो बोलू शकतो. परंतु त्याच्या आजोबांनी ज्या मंदिराच्या सभामंडपासाठी धान्य दिले, बापाने कळसाला वर्गणी दिली, त्या मंदिराच्या विश्वस्त मंडळात कोण आहे, हे ठरविताना त्याला बहुधा कोणी विचारीत नाही. पेटीत पैसे टाकणे, भंडाऱ्याला पंगती वाढणे, सप्ताहात टाळ धरणे, येथे त्याचा सहभाग संपतो. वर्गणी पूर्ण, सेवा पूर्ण आणि मत शून्य. कॅलिफोर्नियातील त्या सहयोगी सदस्याहून याची अवस्था वेगळी कशी?

मोठ्या देवस्थानांत तर शासनच विश्वस्तांच्या गादीवर बसले आहे. पंढरपूरचा कायदा १९७३ चा. बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क त्याने संपविले, २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही ते टिकले नाहीत, आणि त्याबद्दल अश्रू ढाळण्याचे कारण नाही. पण त्या जागी वारकरी आला काय? समिती शासन नेमते. शिर्डी संस्थानासाठी २००४ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. तेथेही नेमणूक शासनाचीच. सत्ता बदलली की विश्वस्त बदलतात, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये तर उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला शिर्डीची नेमलेली समितीच रद्द करावी लागली. सर्वोच्च न्यायालयाने शिरूर मठाच्या खटल्यात १९५४ मध्येच सांगितले होते की, संपत्तीच्या व्यवस्थापनाचे नियमन राज्य करू शकते, मात्र ते व्यवस्थापन संप्रदायाच्या हातून सर्वस्वी काढून घेता येत नाही. राज्यकर्त्यांनी नियमन हा शब्द उचलला आणि पुढचे वाक्य वाचलेच नाही.

यावर एक युक्तिवाद नेहमी पुढे येतो की, भक्ती ही मतपेटीत मोजण्याची वस्तू नव्हे. तुळशीची माळ गळ्यात पडली की माणूस वारकरी होतो. त्याची ना नोंदवही, ना शुल्क, ना अर्ज. हे शंभर टक्के खरे आहे आणि हिंदू परंपरेचे हेच वैभव आहे. पण मताचा प्रश्न माळेचा नाही, जमाखर्चाचा आहे. मंत्र कोणता म्हणावा यावर विक्कावालेही नवागताचे मत घेत नसतात. वाद असतो तो पैशाचा, जागेचा आणि अधिकाराचा. या तीन गोष्टी जेथे आहेत, तेथे ‘देवाचे काम आहे, हिशेब कसला मागता’ असे म्हणणारा देवाचा नव्हे, स्वतःचाच बचाव करीत असतो.

केवळ शासनाकडे बोट दाखवून भागणार नाही, कारण पारावरच्या मंदिरात शासन नसते. तेथे विश्वस्तपद बापाकडून मुलाकडे जाते, एकाच भावकीत वा एकाच आळीत फिरते, आणि महिला विश्वस्त शोधूनही सापडत नाही. उत्सवाला सर्व समाज लागतो. सहीला दोघे-तिघे पुरतात. हा दाराबाहेरचा सहभाग हिंदू समाजाने पूर्वीही पाहिला आहे. अमळनेरला शिक्षक असलेले, खानदेशाने आपले मानलेले साने गुरुजी मे १९४७ मध्ये पंढरपूरला उपोषणाला बसले, ते पांडुरंगाच्या दारापर्यंत येणाऱ्या पण आत जाऊ न शकणाऱ्यांसाठी. दहाव्या दिवशी दार उघडले. दर्शनाचा अधिकार मिळाला; कारभारातला अधिकार मागायचा राहून गेला.

तो मागण्याची सोय, मजेची गोष्ट अशी की, कायद्यात आधीपासून आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने मंदिराच्या बाबतीत ‘हितसंबंध असलेली व्यक्ती’ कोण, हे सांगताना देणगीची रक्कम विचारलेली नाही, जात विचारलेली नाही. जो नित्य पूजेला येतो, जो प्रसादाच्या वाटपात सहभागी होतो, तो त्या व्याख्येत बसतो. असे दोघे एकत्र आले, तर धर्मादाय आयुक्तांच्या संमतीने गैरकारभाराविरुद्ध दावा लावू शकतात आणि व्यवस्थापनाची योजना तयार करून मागू शकतात. विश्वस्त बदलले, तर नव्वद दिवसांत कळविण्याचे बंधन आहे. दरवर्षीचे हिशेब तपासून घेण्याचेही आहे.

नोंदणी झालेल्या प्रत्येक देवस्थानाचा उतारा धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीत असतो. विश्वस्त कोण, जमीन किती, नेमणुकीची पद्धत कोणती, हे सारे त्यात लिहिलेले असते. अर्ज करून त्याची नक्कल मिळते. पहूरकरांना त्यासाठी अमेरिकेला नव्हे, जळगावला जावे लागते. आणि तेथे वर्षानुवर्षे मेलेल्या माणसांचीच नावे विश्वस्त म्हणून नोंदलेली आढळली, तर पहिला बदल-अर्ज कोणी द्यायचा, हे गावाने सप्ताहाच्या बैठकीतच ठरवून टाकावे.