पेडलच्या नावावरून कोर्टात भांडण: बेस गिटार वाजवणाऱ्यांनी पैसे नेमके कशावर घालवावेत?

पायानं दाबायच्या एका छोट्या धातूच्या डब्यावरून २०२५ मध्ये अमेरिकेत थेट फेडरल कोर्टात खटला दाखल झाला. डब्याचं नाव 'क्लॉन सेंटॉर'. बिल फिनेगन यांनी १९९४ पासून हे ओव्हरड्राइव्ह पेडल बनवून विकलं. ओव्हरड्राइव्ह म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर ताणला की गिटारला जो खरखरीतपणा येतो, तो देणारं सर्किट. साधारण ८ हजार नग बनले, उत्पादन थांबलं आणि आज जुन्या सेंटॉरला काही हजार डॉलर मोजणारे लोक आहेत. २०२४ मध्ये बेहरिंगर कंपनीनं सेंटॉर हेच नाव लावून, तसंच दिसणारं पेडल सुमारे ७० डॉलरला बाजारात आणलं. फिनेगन कोर्टात गेले.

बातमी गिटारवाल्यांची आहे. पण तेव्हापासून बेस वाजवणारे ओळखीचे मित्र मला एकच प्रश्न विचारतात: स्वस्तातली नक्कल घेतली तर चालेल का? आणि बेसवर चालेल का?

हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

भांडण नावाचं की सर्किटचं?

फिनेगन यांच्या तक्रारीचा रोख नाव, चित्र आणि रूप यांवर होता. आतल्या सर्किटची कल्पना तशी संरक्षित नसते. तिच्यावर पेटंट असेल तर गोष्ट वेगळी, पण तेही २० वर्षांत संपतं. ट्रेडमार्कचं तसं नाही. आपल्याकडेही दर १० वर्षांनी नूतनीकरण केलं की तो कितीही काळ टिकतो. म्हणून सर्किट उतरवून वेगळ्या नावानं, वेगळ्या डब्यात विकणं हा पेडलच्या धंद्यात वर्षानुवर्षं चालत आलेला प्रकार आहे. बेहरिंगरला याचा अनुभव आधीही आला होता. २००५ मध्ये बॉस पेडल बनवणाऱ्या रोलँडनं त्यांच्यावर खटला भरला, तोही पेडलच्या रूपावरून. प्रकरण मिटलं आणि बेहरिंगरच्या डब्यांचं रूप बदललं.

थोडक्यात, वेगळ्या नावाची नक्कल घेणं म्हणजे चोरीचा माल घेणं नव्हे. दुसऱ्याचं नाव छापून विकलेला बनावट माल मात्र घेऊ नका. तो बिघडला तर दुरुस्तीसाठी कुणाच्या दारात जाणार?

खर्ज कुठे जातो?

आता बेसचा प्रश्न. चार तारांच्या बेसची सगळ्यात जाड तार साधारण ४१ हर्ट्झला वाजते, पाच तारांच्या बेसची ३१ हर्ट्झला. गिटारची जाड तार ८२ हर्ट्झपासून सुरू होते. बहुतेक प्रसिद्ध ओव्हरड्राइव्ह पेडल गिटारसाठी बनलेली आहेत आणि त्यातली बरीचशी खालचे सूर मुद्दाम कापतात. आयबानेझच्या ट्यूब स्क्रीमरमध्ये साधारण ७२० हर्ट्झच्या खाली खरखर कमी कमी होत जाते. गिटारवाल्याला हे सोयीचं असतं, कारण त्यामुळे बँडमध्ये बेसला जागा उरते. तेच पेडल आपण बेसला लावलं की गिटारवाल्यानं आपल्यासाठी सोडलेली जागा आपणच रिकामी करतो. घरी एकट्यानं वाजवताना हे कळत नाही. ड्रम सुरू झाले की बेस बंद पडला का, असं लोक विचारतात.

यावरचा उपाय म्हणजे ब्लेंड. मूळ स्वच्छ आवाज बाजूनं तसाच जाऊ द्यायचा आणि खरखर त्यात हवी तेवढी मिसळायची. खर्ज शाबूत राहतो, वरून धार येते. बॉसच्या ओडीबी-३ वर यासाठी 'बॅलन्स' नावाचा नॉब आहे. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सच्या बेस बिग मफमध्ये 'ड्राय'चा स्विच आहे. हेलसिंकीच्या डार्कग्लास कंपनीचं तर नावच बेसच्या या आधुनिक, धारदार आवाजामुळे झालं. गंमत म्हणजे खुद्द सेंटॉरमध्येही स्वच्छ आवाजाचा काही भाग मिसळलेला असतो, त्यामुळे गेन कमी ठेवून ते वापरणारे बेसवालेही आहेत. पण ज्या पेडलवर ब्लेंड आहे ते साधं, बिननावाचं पेडलसुद्धा मी बिनब्लेंडच्या महागड्या पेडलच्या आधी घेईन.

पहिला पैसा डीआयवर

खरं सांगायचं तर ओव्हरड्राइव्ह ही पहिली खरेदी असूच नये. ट्यूनर आधी, यावर वादच नाही. त्यानंतर डीआय.

कॉलेजात असताना एका तालुक्याच्या गावी आमच्या बँडचा कार्यक्रम होता. मी खाऊचे पैसे साठवून घेतलेलं फझ पेडल मिरवत नेलं. स्टेजवर बेसचा अ‍ॅम्प नव्हताच. साउंडवाल्या दादांनी एक लांबलचक केबल हातात दिली आणि म्हणाले, "यात घाल." पहिल्या गाण्यापासून घूंऽऽ असा आवाज. तिसऱ्या गाण्याला त्यांनी माझा चॅनलच बंद केला आणि मी उरलेला कार्यक्रम नुसता मान हलवत काढला.

गणेशोत्सव असो की गॅदरिंग, आपल्याकडच्या बऱ्याच स्टेजवर बेस थेट मिक्सरमध्येच जातो. डीआय बॉक्स बेसचा नाजूक सिग्नल मिक्सरला मानवेल असा करतो आणि तीन पिनांच्या एक्सएलआर केबलवरून लांबवर फारशी घरघर न होता पाठवतो. त्यावरचा 'ग्राउंड लिफ्ट' स्विच दाबला की अर्थिंगच्या घोळातून येणारा घूं बऱ्याचदा जातो. हा स्विच फक्त सिग्नलच्या केबलमधलं ग्राउंड तोडतो. घूं घालवण्यासाठी प्लगची अर्थ पिन काढून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. ते अजिबात करू नका, शॉक लागून जीव जाऊ शकतो.

डीआय आणि अ‍ॅम्पसारखा आवाज एकाच डब्यात देणारी पेडलही असतात. टेक २१ चं सॅन्सअ‍ॅम्प बेस ड्रायव्हर हे त्यातलं जुनं, नावाजलेलं. बेहरिंगरचं बीडीआय२१ त्याच धर्तीवरचं आणि कितीतरी स्वस्त. डबा प्लास्टिकचा आहे, पायाखाली जपून वापरावा लागतो. पण अ‍ॅम्प नसलेल्या स्टेजवर विद्यार्थ्याला ते ज्या उपयोगी पडेल, त्या उपयोगी कुठलाही सेंटॉर पडणार नाही.

कॉम्प्रेसर नंतर घ्या. तो मोठे आणि हळू सूर एका पातळीवर आणतो, पण बोटांचा तोल आधी बसू द्या. कोरसची हौस असेल तर बेससाठी बनवलेलाच घ्या. बजेट एकाच वस्तूचं असेल तर मल्टी-इफेक्ट वाईट नाही, फक्त त्याला एक्सएलआर आउटपुट आहे का ते पाहा, स्वस्त मॉडेलमध्ये बऱ्याचदा नसतं. आणि अडॅप्टर घेताना व्होल्टेज, मिलीअँपिअर आणि पिनची पोलॅरिटी पेडलवर लिहिल्याप्रमाणेच हवी. बहुतेकांना ९ व्होल्ट लागतात, सगळ्यांना नाही.

घेण्याआधी ऐकायचं कसं?

फोनच्या स्पीकरवर डेमो ऐकून बेसचं पेडल निवडू नका. ४१ हर्ट्झ तो वाजवूच शकत नाही, म्हणजे खर्ज गेला की राहिला हे तुम्हाला कळणारच नाही. निदान हेडफोन लावा. दुकानात जाणार असाल तर स्वतःचा बेस घेऊन जा, जाड तार मोकळी वाजवा आणि सूर चालू असताना पेडल चालू-बंद करा. बँडच्या रिहर्सलला कुणाचं उसनं मिळालं तर उत्तमच. ड्रमरला वाजवत ठेवा, एका मित्राला खोलीच्या टोकाला उभं करा आणि पेडल कधी चालू केलं ते त्याला न सांगता बेस कधी गायब झाला ते विचारा.