काठावरची सांगली

सुट्टी जवळ आली की घरोघर दोन पक्ष पडतात. मुले समुद्र मागतात, वडीलधारी मंडळी थंड हवेचे ठिकाण सुचवतात, आणि ज्याच्या खिशातून पैसे जायचे असतात तो गृहस्थ वर्तमानपत्रात डोके खुपसून बसतो. त्या बिचाऱ्यासाठी मी आज एक तिसराच काठ सुचवणार आहे. समुद्राचा नव्हे, कृष्णेचा. गाव सांगली!

महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा वाईचे घाट भिजवते, कऱ्हाडला कोयनेला समोरासमोर भेटते आणि सांगलीला पोहोचेपर्यंत चांगली पोक्त झालेली असते. येथे पटवर्धनांची राजधानी होती. त्यांनी बांधलेले काळ्या पाषाणाचे गणपती मंदिर आधी पाहावे आणि उन्हे उतरल्यावर आयर्विन पुलावर यावे. हा पूल १९२९ साली खुला झाला. सांगलीकर पावसाळ्यात रोज सकाळी एकमेकांना विचारतात, "पुलाला पाणी किती?" ते येथल्याच मापाबद्दल.

मुक्काम ५ नोव्हेंबरच्या सुमारास असेल तर उत्तम. १८४३ साली याच तारखेला विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' सादर केले. तो दिवस आपण मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतो. शारदेच्या दुःखाने आपल्या आज्या-पणज्यांना रडवणारे गोविंद बल्लाळ देवल जन्मले तेही जवळच, हरिपुरात. हरिपूर चार-पाच किलोमीटरांवर आहे. तेथे वारणा कृष्णेला मिळते आणि संगमावर संगमेश्वराचे देऊळ आहे.

हरिपूरची दुसरी ओळख म्हणजे हळदीची पेवे. पेव म्हणजे जमिनीच्या पोटात खोदलेले कोठार. तोंड अरुंद, आत ऐसपैस. तळाला नि कडेला गवत-पाला घालून हळद भरायची आणि तोंड मातीने बंद करायचे. आत हवा नाही, म्हणून कीड नाही. हळद वर्षानुवर्षे टिकते. पेव उघडले की मात्र माणसाने लगेच उतरायचे नसते. बाहेरची हवा आत खेळेपर्यंत थांबावे लागते, नाहीतर जीव गुदमरतो.

मिरज अगदी शेजारी. तेथे एका गल्लीत सतारी आणि तंबोरे तयार होतात. या कारागिरांचे पूर्वज शस्त्रे घडवीत. तलवारींचे दिवस सरले आणि त्याच हातांनी भोपळे कोरायला घेतले! २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ १९३७ साली निवर्तले. त्यांची समाधी मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात आहे. उरुसात तेथे गवई हजेरी लावतात.

श्रद्धाळू मंडळींना औदुंबर आणि कोल्हापूर जिल्ह्यातली नरसोबाची वाडी सांगायलाच नको. वाडीला पुराचे पाणी पादुकांवरून वाहत दक्षिण दारातून बाहेर पडते, तेव्हा भक्त तेथे स्नानाला गर्दी करतात. वाडीला जो सोहळा, तोच वरच्या अंगाला सांगलीत घोर! काठावरच्या गावाची ही दुसरी बाजू पाहुण्यांना सहसा दिसत नाही.

माझी मावशी नदीजवळच्या पेठेत राहते. तिच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर दोन रेघा आहेत. खालची २००५ ची, वरची २०१९ ची. पुलापाशी ४५ फुटांना धोक्याची पातळी समजतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी नावच उलटली आणि माणसे बुडाली. हरिपूरची पेवेही त्या पाण्यात गेली. २०२१ ला पुन्हा पूर आला.

रंगारी आला तेव्हा मावशीने त्या रेघा पुसू दिल्या नाहीत. म्हणाली, "पुसल्या की विसरायला होतं रे, आणि मग गव्हाचा डबा पुन्हा खाली येतो." तिची दागिन्यांची पेटी, घराची कागदपत्रे आणि यजमानांचा फोटो आता वरच्या रेघेच्याही वर असतो.

मुलगा पुण्याला असतो. तो दरवर्षी म्हणतो, "आई, घर विकू आणि कायमची चल." मावशी ऐकून घेते. गेल्या खेपेला मात्र तिने आपला निर्णय सांगून टाकला. "आषाढ-श्रावण तुझ्याकडे येईन. दिवाळीला मला माझ्या उंबऱ्यावर पणती लावायची आहे. घर विकलंस तर ते घेणाराही कुणाचा तरी मुलगाच असेल ना? त्याला या रेघा कोण समजावून सांगेल?" मुलाला उत्तर सुचले नाही, मलाही नाही. त्याची काळजी खोटी नाही आणि तिचा हट्टही निव्वळ हट्ट नाही. चार महिने भय घालणारी नदी उरलेले आठ महिने ऊस, हळद आणि ती चविष्ट वांगी देते, हा हिशेब तिने आयुष्यभर मांडला आहे.

म्हणून म्हणतो, या सुट्टीत सांगलीला जा. मिरज जंक्शनला उतरलात की पुढे बस आहे. दोन दिवस पुरतात. मुलांना पाण्यात मात्र उतरू देऊ नका, कृष्णेत मगरी आहेत. पुलावर उभे राहून ५७ फूट म्हणजे किती ते त्यांना दाखवा. बाजारातून हळद घ्या, भडंगाचा पुडा घ्या. पुरातून सावरलेल्या दुकानदाराच्या दिवाळीला तेवढाच हातभार. आणि कुणाच्या घरी भिंतीवर रेघ दिसली, तर तिच्याबद्दल अवश्य विचारा. ती पाहिलेली माणसे सांगायला तयार असतात.