फॉरमॅट मारून टाक!

शुक्रवार. रात्रीचे पावणेबारा. बारापर्यंत फीचर पाठवते, असं संपादकांना तीनदा सांगून झालेलं. शेवटचा पॅरा संपला, माऊस ‘सेव्ह’कडे निघाला आणि... निळं! अख्खी स्क्रीन निळीशार आणि वर तो आडवा पडलेला रडका चेहरा. तुमच्या पीसीला काहीतरी प्रॉब्लेम आलाय, आम्ही माहिती गोळा करतोय, असं अदबीनं सांगणारा. शून्य टक्के, वीस टक्के, शंभर टक्के, रीस्टार्ट. माझा पॅरा मात्र कुणीच गोळा केला नव्हता.

संपादकांना फोन केला तर पलीकडून फक्त ‘बरं’ आलं. ते ‘बरं’ ज्यांनी ऐकलंय त्यांना कळेल. ‘कॉम्प्युटर क्रॅश झाला’ हे कारण आता ‘गावाकडे आजी आजारी आहे’च्या शेजारी जाऊन बसलंय. खरं असलं तरी कुणाला पटत नाही. आणि फ्रीलान्सरचं दुकान चालतं तेच मुळी दिलेल्या वेळेवर.

ही जानेवारी २०२५ ची गोष्ट. त्या आठवड्यातला हा तिसरा क्रॅश. वैताग म्हणजे त्याला ना शेंडा ना बुडखा. एकदा वर्डमध्ये टाइप करताना. एकदा गाणी ऐकताना. एकदा तर मी किचनमध्ये चहा टाकत होते आणि पीसी आपला एकटाच बसला होता, तेव्हा! उलट रविवारी मामेभाऊ येऊन तीन तास गेम खेळून गेला, तेव्हा शहाण्यासारखा चालला.

मग सुरू झाले सल्ले. मैत्रीण म्हणाली, व्हायरस. मामेभाऊ म्हणाला, विंडोजच फालतू आहे. आई म्हणाली, रात्रंदिवस चालू ठेवतेस, दमला असेल तो. (नंतर कळलं की आई सत्याच्या सगळ्यात जवळ होती.) आणि कोपऱ्यावरच्या दुकानातला मुलगा पीसीकडे न बघताच म्हणाला, ‘फॉरमॅट मारून टाकू ना!’

आपल्याकडे हा रामबाण आहे. पीसी स्लो झाला? फॉरमॅट. प्रिंटर चालत नाही? फॉरमॅट. तो मुलगा आला, ६०० रुपये घेतले, सी ड्राइव्ह पुसून नवं विंडोज टाकलं, डी ड्राइव्हवरचा माझा डेटा तसाच ठेवला आणि गेला. तीन दिवस मी खूश. चौथ्या दिवशी रडका चेहरा हजर.

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले काका रेल्वेच्या सिग्नल खात्यातून रिटायर झालेत. डोंबिवलीत असे काका मजल्याला एक असतात. वाटी परत द्यायला आले होते. माझा चेहरा बघून म्हणाले, ‘काय गं, काय झालं?’

‘पीसी बंद पडतोय काका.’

‘कधी?’

‘कधीही. एकदम रँडम.’

‘रँडम बिंडम काही नसतं गं. आपल्याला कारण दिसलेलं नसतं, एवढंच. पावसात चार थेंब पडले की रुसणारा आणि आम्ही पोचलो की नीट चालणारा सिग्नल, आख्खी नोकरी त्यात गेली माझी. वही घाल. किती वाजता, काय चालू होतं, काय दिसलं, सगळं लिही. आणि एका वेळी एकच गोष्ट बदल. चार बदललीस तर बरा कशानं झाला ते कळणारच नाही.’

कॉम्प्युटरमधलं काकांना फार कळत नाही, हे तेच सांगतात. पण तोपर्यंत मला मिळालेला पहिला शहाणा सल्ला तो होता.

वही घातली आणि पहिलीच अडचण. लिहायचं काय? निळा पडदा दहा-पंधरा सेकंदांत गायब होतो. तर मंडळी, पहिलं काम हे. स्टार्टमध्ये ‘अॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज’ शोधा, तिथे ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’त जा आणि ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’वरची टिक काढून टाका. आता पुढच्या वेळी पडदा तसाच थांबतो आणि खालचा ‘स्टॉप कोड’ निवांत वाचता येतो. मोबाइलवर फोटो काढून ठेवला की झालं.

दुसरं, प्रत्येक क्रॅशच्या वेळी विंडोज ‘मिनिडम्प’ नावाची एक छोटी फाइल मागे ठेवतं. ती वाचायला नीरसॉफ्टचं ‘ब्लूस्क्रीनव्ह्यू’ हे फुकटचं सॉफ्टवेअर पुरतं. आणि नेमक्या ह्याच फाइल्स आमच्या फॉरमॅटवाल्यानं सी ड्राइव्हबरोबर पुसून टाकल्या होत्या. पोलीस यायच्या आधी फरशी धुऊन काढावी, तसं.

कोडचा ढोबळ फंडा असा. दर वेळी तोच कोड आणि तीच फाइल दोषी दिसत असेल, तर बहुतेकदा ड्रायव्हरचा घोळ असतो. ड्रायव्हर म्हणजे प्रिंटर, ग्राफिक्स कार्ड, अँटीव्हायरस वगैरे मंडळींना विंडोजच्या थेट गाभ्यात शिरायचा पास. तिथे चूक झाली की अख्खं घर बसतं. एप्रिल १९९८ मध्ये शिकागोत बिल गेट्स यांच्या समोर, भर स्टेजवर विंडोज ९८ ला स्कॅनर जोडला आणि निळा पडदा आला, तो किस्सा ठाऊक असेलच. आणि १९ जुलै २०२४ तर आपण सगळ्यांनीच पाहिला. क्राउडस्ट्राइकचं एक सदोष अपडेट गेलं, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख मशीन्स आडवी झाली आणि आपल्या विमानतळांवर लोकांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. पण एवढ्या सगळ्यांचं कारण एकच होतं, म्हणून ते तासाभरात सापडलंही.

माझ्या वहीत मात्र पाच दिवसांत चार क्रॅश आणि तीन वेगवेगळे कोड. ‘मेमरी मॅनेजमेंट’, ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’ आणि ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर ईक्वल’ (हे वाचून कुणाला काही कळतं का हो?). मिनिडम्पमध्ये दर वेळी विंडोजच्या कर्नलचंच नाव. पण कर्नल म्हणजे सोसायटीचा वॉचमन. चोरी झाली की पहिलं नाव त्याचं, कारण तो तिथे होता. कोड असे दर वेळी बदलत असतील, तर सॉफ्टवेअरपेक्षा हार्डवेअरवर संशय घ्यावा, आणि त्यातही पहिला रॅमवर.

वहीत आणखी एक गोष्ट दिसली. काकांनी ‘काय चालू होतं’ लिहायला लावलं होतं, म्हणून मी टास्क मॅनेजरमधून मेमरीचा आकडाही टिपायला लागले होते. चारही क्रॅश नऊ जीबीच्या वर! म्हणजे ब्राउझरमध्ये तीस टॅब, वर वर्ड, वर फोटो उघडलेले. चहाच्या वेळीसुद्धा टॅब तसेच उघडे होते की. आणि भावानं गेम खेळायच्या आधी सगळं बंद केलं होतं! ‘रँडम’ची हवा इथेच गेली.

तरी मी एक भाबडा प्रयोग केलाच. लॅमिंग्टन रोडवरच्या कुठल्याही दुकानात सांगतात तो. पीसी बंद करायचा, प्लग काढायचा, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्टॅटिक घालवायची, रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी कडा खोडरबरानं हलक्या हातानं पुसायच्या आणि ‘खट्’ आवाज येईपर्यंत परत बसवायची. हसू नका, सैल बसलेली पट्टी किंवा मळलेले कॉन्टॅक्ट्स हे खरंच एक कारण असतं. आतली धूळ बघून तर मला लाजच वाटली. दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी निळं.

मग मेमटेस्ट. ‘मेमटेस्ट८६ प्लस’ फुकट आहे. पेनड्राइव्हवर टाकायचं, पीसी त्यावरूनच बूट करायचा आणि झोपायला जायचं. रॅमच्या प्रत्येक कप्प्यात ते काहीतरी लिहितं, परत वाचतं आणि तेच आलं का बघतं. १६ जीबी म्हणजे १३ हजार ७०० कोटींहून जास्त बिट्स, त्यामुळे तास जातात. विंडोजमध्येही ‘मेमरी डायग्नोस्टिक’ असतं, पण त्याच्या हातून काही चुका निसटतात, तेव्हा त्याच्या ‘ऑल इज वेल’वर विसंबू नका. (बायॉसमध्ये ‘एक्सएमपी’ ऑन असेल, तर आधी तेच ऑफ करून बघा. रॅम तिच्या मूळ वेगापेक्षा जोरात पळवली जात असते. माझं ऑफच होतं.)

रात्री अकराला लावलं. दोनला पाणी प्यायला उठले तर स्क्रीनवर लाल ओळी. इथे चार चुकांना माफी वगैरे नसते, एक असली तरी नापास. मी त्या अंधारात अक्षरशः हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी मला सांगत होतं की मी वेडी नाहीये.

आता गुन्हेगार कोण, हे मला आधीच माहीत होतं. आठ जीबीची मूळ पट्टी २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पीसी जोडून घेतला तेव्हाची, नवीकोरी घेतलेली. दुसरी मी ऑक्टोबरमध्ये सेकंडहँड घेतली होती, स्वस्तात. दुकानदाराशी कसं भांडायचं, त्याचे डायलॉगही रेडी होते. पण काकांची अट होती, एका वेळी एकच. नवी पट्टी एकटी लावली. रात्रभर एकही एरर नाही. जुनी एकटी लावली. वीस मिनिटांत लाल. स्लॉट बदलून लावली, तरी लाल. म्हणजे स्लॉट बरा, पट्टीच गेलेली, आणि तीही घरचीच! भांडायला गेले नाही हे किती बरं.

पण माझं ‘नव्या कोऱ्या’वरचं प्रेम अडाणीपणाचं होतं, हे नंतर वाचताना कळलं. गूगलच्या सर्व्हर्सवरचा २००९ चा एक गाजलेला अभ्यास आहे. त्यात वर्षभरात आठ टक्क्यांहून जास्त रॅम मॉड्यूल्समध्ये चुका सापडल्या होत्या. सर्व्हर्समध्ये अशा चुका पकडणारी ‘ईसीसी’ मेमरी असते, घरच्या पीसीत सहसा नसते. ऑक्टोबर २०२२ मध्ये खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांच्या डेस्कटॉपची रॅम अशीच गेली, तर त्यांनाही आधी दोष सॉफ्टवेअरचाच वाटला होता. मग मी कोण!

पट्टीचं पुढे सोपं होतं. रॅमला बऱ्याच कंपन्या दहा वर्षांची किंवा लाइफटाइम वॉरंटी देतात, पण बिल ठेवतो कोण? आमचे बाबा. एलआयसीच्या पावत्यांच्या फायलीत, २०२० चं बिल, टाचणी लावून. पंधरा दिवसांत सर्व्हिस सेंटरनं पट्टी बदलून दिली. तेवढे दिवस आठ जीबी आणि पाच टॅब. जमतं तसं.

गोष्ट इथे संपायला हवी होती.

ताईचं लग्न डिसेंबरमध्ये झालं. ऑफिशियल फोटोग्राफर होताच, पण घरातले, पाटाशेजारचे, मेंदी लागलेल्या हातांनी वडा खातानाचे फोटो माझ्या कॅमेऱ्यातले. अकराशेच्या आसपास. कार्ड पीसीवर कॉपी केलं आणि एका असाइनमेंटसाठी फॉरमॅट करून टाकलं. तेच, त्या क्रॅशवाल्या दिवसांत. मार्चमध्ये अल्बमसाठी फोटो निवडायला बसले, तर आजी ओटी भरतेय त्या फोटोत वरचा अर्धा भाग आजी आणि खालचा अर्धा हिरव्या-गुलाबी चौकटी.

कॉपी करताना प्रत्येक फाइल रॅममधून जाते. खराब पट्टीत शून्याचा एक झाला, तर तसाच डिस्कवर उतरतो. त्यासाठी निळा पडदा यावा लागत नाही. कसला आवाज नाही, कसला मेसेज नाही. फॉरमॅट करून टाकलेलं नवं विंडोजही ह्याच पट्टीतून गेलं होतं, म्हणून मी ते नंतर पुन्हा टाकलं. पीसी असा क्रॅश व्हायला लागला ना, की त्याच्यावरून घाईघाईनं बॅकअपसुद्धा घेऊ नका. डिस्क काढा, दुसऱ्या, धडधाकट मशीनला जोडा आणि तिथून कॉपी करा. आणि कॅमेऱ्याचं कार्ड तोवर रिकामं करू नका. मला हे कुणी जानेवारीत सांगायला हवं होतं.

४३ फोटो असे निघाले. मग ते कार्ड ड्रॉवरमधून शोधून काढलं. नशीब, असाइनमेंटचे दोनशे फोटो सोडले तर त्यावर पुन्हा काही लिहिलं गेलं नव्हतं. ‘फोटोरेक’ नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर मैत्रिणीच्या लॅपटॉपवर चालवलं आणि त्यातले ३१ परत मिळाले. मेंदीवाला वडा मिळाला. काकांचा, पंगतीत वाढतानाचा, तोही मिळाला. आजीचा नाही मिळाला.

तो निळा पडदा आता इतिहासजमा व्हायच्या वाटेवर आहे, बरं का. मायक्रोसॉफ्टनं २०२५ मध्येच विंडोज ११ मधला निळा रंग आणि रडका चेहरा दोन्ही काढून काळा पडदा आणला. स्टॉप कोड मात्र आहे, तेव्हा वही टाकून देऊ नका.

ताईला त्या बारा फोटोंचं अजून सांगितलेलं नाही. ती हा कॉलम दर आठवड्याला वाचते. अंक स्टॉलवर येतो गुरुवारी. म्हणजे बुधवारी रात्री फोन करायला हवा.